लोक ‘तेच’ कशावरून म्हणावे?

माणूस आणि माणसाचें नांव हीं दोन वेगळीं आहेत हें समजावयास तत्त्ववेत्त्याची गरज नाहीं. बारशापर्यंत मूल नांवावांचूनच असतें आणि त्यामुळें त्याचें कांहीं अडत नाहीं. परंतु हाच विचार एका मनुष्याऐवजीं एका लोकसमूहास लावूं गेलें म्हणजे मोठा गोंधळ उडतो. दोन हजार वर्षांपूर्वीं अमुक नांवाचे लोक होते, आजहि त्या नांवाचे लोक आहेत. मग हे ते तेच काय? किंवा उलट, आज ज्यांस आपली जुनी भाषा येत नाहीं, जुना ग्रंथ ज्यांच्याजवळ उरलेला नाहीं, ज्यांचा पोषाख आणि आडनांव शेजाऱ्यांसारखें झालें आहे, ते ‘तेच’ आहेत असें म्हणतां येईल काय? आणि म्हणतां येत असल्यास तें म्हणावयाचें कोणीं? हा शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिले दोन प्रश्न इतिहासाचे आहेत. हा नीतीचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर जिवंत माणसांचें सुखदुःख अवलंबून असतें.

आमच्या कराडास कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात. संगमापुढील प्रवाहास कृष्णा म्हणतात. कोयनेचें पाणी कोठें गेलेलें नसतें. कृष्णेच्या पाण्याबरोबर तेंहि पुढें वाहत असतें. संपलेलें असतें तें नांव. मनुष्यसमाजांतहि असे प्रवाह आहेत, कीं ज्यांचें नांव लोपलें पण पाणी वाहत राहिलें. आणि असेहि आहेत, कीं ज्यांचें पाणी आटल्यावर त्यांचा पाट दुसऱ्याच पाण्यानें भरला. दोन्ही प्रकारांचें एकेक उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे. पैकीं पहिलें दूरचें आहे. दुसरें आपल्या कोंकणांतलें आहे.

दूरचें उदाहरण खाल्डियन लोकांचें. महाराष्ट्रीय वाचकास हें नांव अगदींच परकें नाहीं. खाल्डियन व भारतीय वेदांवर लोकमान्य टिळकांनीं इंग्रजींत लिहिलेला निबंध १९१७ सालीं डॉ. भांडारकरांच्या गौरवग्रंथांत प्रसिद्ध झाला. अथर्ववेदांतील सर्पविष उतरविण्याच्या सूक्तांत ‘तैमात’, ‘आलिगी’, ‘विलिगी’, ‘उरुगूला’ असे जे दुर्बोध शब्द येतात, ते खाल्डियांतील असावे असें प्रतिपादन त्यांनीं त्यांत केलें. त्यांची प्रत्येक जुळणी पुढील पंडितांनीं मान्य केली असें नाहीं. परंतु वेदासारख्या ग्रंथांतहि परक्या लोकांचे शब्द असूं शकतात, आणि तसे असल्यानें वेदाचें वेदत्व कमी होत नाहीं, हा त्यांतील निर्भय विचार आजहि मननीय आहे.

हे खाल्डियन इतिहासांत प्रथम दिसतात ते इ. स. पूर्वीच्या नवव्या शतकांत, असीरियन राजांच्या लेखांत. बाबिलोनच्या दक्षिणेस समुद्राजवळच्या दलदलीच्या प्रदेशांत त्यांच्या टोळ्या राहत. बित्-याकीन, बित्-दक्कुरी, बित्-अमुकानी अशीं त्यांचीं नांवें होतीं. ‘बित्’ म्हणजे घर, अर्थात् अमक्याचें घराणें. या टोळ्यांच्या नायकांनीं बाबिलोनच्या गादीसाठीं असीरियाशीं पिढ्यान्‌पिढ्या झुंज घेतली. इ. स. पूर्वीं ६२६ मध्यें नबोपोलस्सर यानें बाबिलोनांत जें राज्य स्थापिलें, तें खाल्डियन राज्य म्हणून प्रसिद्ध आहे. ६१२ त असीरियाची राजधानी निनेव्हे पडली. नबोपोलस्सरचा मुलगा नेबुखद्‌नेझर यानें ५८६ च्या सुमारास जेरुसलेमचें मंदिर उद्ध्वस्त केलें आणि यहुदी लोकांस पकडून बाबिलोनास नेलें. पुढें ५३९ त इराणच्या सायरस राजानें बाबिलोन घेतलें, आणि शंभर वर्षेंहि न भरतां हें राज्य लयास गेलें.

राज्य गेलें, लोक भोंवतालच्या लोकांत मिसळून गेले, पण नांव मात्र गेलें नाहीं. ग्रीक आणि रोमन लोकांच्या तोंडीं ‘खाल्डियन’ या शब्दाचा अर्थ ज्योतिषी असा झाला. शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र हा ग्रहांचा क्रम आजहि खाल्डियन क्रम म्हणून ओळखला जातो. दिवसाच्या चोवीस होरा या क्रमानें ग्रहांस वांटून दिल्या म्हणजे पंचविसावी होरा ज्या ग्रहाची येते, त्याचा दुसरा दिवस. शनिवारानंतर रविवार, रविवारानंतर सोमवार हा आपल्या घरोघरच्या पंचांगांतील क्रम याच हिशोबानें लागतो. वाराचा उल्लेख असलेल्या आपल्याकडील अगदीं जुन्या लेखांपैकीं एक मध्यप्रदेशांतील एरण येथें असून तो इ. स. ४८४ चा, गुरुवारचा आहे. ज्या लोकांचें राज्य एक शतकहि टिकलें नाहीं, त्यांचें नांव ज्या गणिताला मिळालें तें असें शतकानुशतकें आपल्या घरांत नांदत आहे.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढें घडली. १४४५ सालीं सायप्रस बेटांतील पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाचे कांहीं लोक रोमच्या पोपशीं एक झाले, तेव्हां चवथ्या युजीन पोपनें त्यांस ‘खाल्डियन’ हें नांव दिलें. १५५२ त मेसोपोटेमियांतील त्याच पंथांत फूट पडली. एका पक्षाचा नेता योहान्नान सुलाका रोमास गेला आणि १५५३ त पोपनें त्यास पात्रिआर्क केलें. खाल्डियन कॅथलिक धर्मसंस्थेचा इतिहास सामान्यतः येथून मोजतात. या लोकांचीं जुनीं गांवें निनेव्हेच्या मैदानांत, म्हणजे प्राचीन खाल्डियन लोकांच्या देशांत नव्हे, तर त्यांच्या हाडवैऱ्याच्या राजधानीभोंवतीं आहेत! ते अरामी भाषेची आजची बोली बोलतात. म्हणून कोणी त्यांस म्हणतात, तुम्ही असीरियन; ते स्वतः बहुधा म्हणतात, आम्ही खाल्डियन. इराकच्या २००५ च्या घटनेंत दोन्ही नांवें निरनिराळीं घातलेलीं आहेत.

आतां केवळ इतिहासाच्या काट्यानें तोललें तर हें नांव त्यांस मागाहून मिळालेलें आहे असें म्हणावें लागेल. पण २००३ च्या युद्धानंतर इराकांतील या समाजाची पांगापांग झाली. २०१४ त मोसूल आणि निनेव्हेचें मैदान सशस्त्र धर्मांधांच्या हातीं गेलें तेव्हां हजारों कुटुंबांनीं नेसत्या वस्त्रांनिशीं घरें सोडलीं. आज त्यांची मोठी वस्ती अमेरिकेंत डेट्रॉइट शहराच्या आसमंतांत आहे. धर्म बदला तर घर राहील, असें ज्यांस सांगण्यांत आलें व ज्यांनीं घर सोडलें, त्यांस ‘तुमचें नांव उसनें आहे’ असें सांगावयास कोणत्या पंडिताची जीभ धजेल? नांव प्रथम कोणीं दिलें हा एक प्रश्न. त्या नांवाची किंमत कोणीं मोजली हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दफ्तरांत सांपडतें. दुसऱ्याचें उत्तर दफ्तरांत सांपडत नाहीं, पण नीतीच्या दृष्टीनें तेंच अधिक वजनदार आहे.

हें झालें नांवाच्या पाटांतून नवें पाणी वाहिल्याचें उदाहरण. याच्या उलट उदाहरण पाहावयास कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, उतरावें लागतें. अलिबागेच्या उत्तरेस नवगांव म्हणून एक गांव आहे. तेथें पुरातन काळीं एक गलबत फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि मेलेल्यांस त्यांनीं तेथेंच पुरलें, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरागत कथा आहे. हें केव्हां घडलें याविषयीं निरनिराळीं मतें आहेत, कोणी इ. स. पूर्वींचें दुसरें शतक सांगतात, कोणी पुष्कळ अलीकडचा काळ. इतकें खरें, कीं १७३८ सालच्या एका युरोपियन पाद्र्याच्या पत्रांत स्वतःस बेने इस्राएल म्हणविणाऱ्या या लोकांचा उल्लेख सांपडतो, आणि तेव्हां ते पुरातनच मानले जात होते.

या लोकांजवळ काय उरलें होतें? हिब्रू भाषा उरली नव्हती. मोशेचा ग्रंथ उरला नव्हता. धर्मगुरु नव्हते, प्रार्थनामंदिर नव्हतें. ते मराठी बोलत, मराठी लुगडें नेसत, आणि किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, दिव्याचे ते दिवेकर अशीं आडनांवें लावीत. मंदिराचा दुसरा उद्धार झाल्याच्या स्मरणार्थ यहुदी लोक जो हनुक्का नांवाचा दीपोत्सव करतात, तो त्यांस ठाऊक नव्हता. उरलें होतें तें थोडें: मुलग्यांची सुंता, खवले व पर असलेलीच मासळी खावयाची हा नेम, देव एक आहे असें सांगणारें ‘शमा’ हें एक वचन, आणि शनिवारचा विसांवा. धंदा तेल गाळण्याचा. आठवड्याचे सहा दिवस घाणा फिरे. शनिवारीं बैल सोडलेला असे. यावरून गांवकऱ्यांनीं त्यांस नांव दिलें ‘शनिवार तेली’.

पुढें कोचीनकडील दावीद राहाबी या नांवाचा एक यहुदी तेथें आला. त्यानें त्यांच्या बायकांपुढें निरनिराळी मासळी ठेविली, तेव्हां त्यांनीं खवल्यांची मासळी तेवढी निवडून घेतली व बाकीची परत केली. यावरून त्यानें हे आपलेच असें ओळखलें, अशी त्यांची दुसरी कथा आहे. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तींतील विचार खरा आहे. पाहुण्यानें वंशावळ मागितली नाहीं, पोथी मागितली नाहीं. स्वयंपाकघरांत काय पाळलें जातें तें पाहिलें.

यानंतरचा इतिहास झपाट्याचा आहे. इंग्रजी अमलांत हे लोक मुंबईस गेले, पलटणींत आणि कचेऱ्यांत शिरले. पलटणींतील सुभेदार सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईस त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या यहुद्यांनीं, आणि त्यांचा धर्म बदलावा या हेतूनें आलेल्या मिशनऱ्यांनींहि, त्यांस हिब्रू शिकविली, डॉ. जॉन विल्सन यांनीं हिब्रूचें व्याकरण मराठींत लिहिलें. म्हणजे आपला हरवलेला ग्रंथ या लोकांनीं पुन्हां ओळखला तो मराठीच्या दारांतून! त्या शतकाच्या उत्तरार्धांत अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें लावून मराठी कीर्तनें होऊं लागलीं. हायम सॅम्युएल केहीमकर यांनीं मुंबईस मुलांसाठीं शाळा काढली आणि १८९७ सालीं आपल्या लोकांचा इतिहास लिहून ठेविला. तो १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. त्याच सुमारास डॉ. एलायजा मोझेस मुंबईचे महापौर झाले. समुद्रांतून आलेला समाज शहराच्या अग्रस्थानीं बसला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हे लोक प्राचीन इस्राएलाचे ‘तेच’ लोक काय? याचें उत्तर देण्याच्या तीन रूढ कसोट्या आहेत.

पहिली कसोटी रक्ताची. २०१६ सालीं या समाजाच्या अनुवंशाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत मध्यपूर्वेकडील यहुदी पूर्वज आणि भारतीय पूर्वज अशा दोहोंच्या खुणा आढळल्या. म्हणजे कथा निराधार नाहीं, आणि केवळ शुद्ध रक्ताचा अभिमानहि टिकत नाहीं. पण असें होणार नाहीं तर दुसरें काय होणार? कोणत्या समाजाचें रक्त अमिश्र आहे? आमच्या मतें रक्ताची कसोटी सर्वांत दुबळी आहे. कारण ती मनुष्यानें काय केलें हें न विचारतां त्याच्याबाबतींत काय घडलें एवढेंच विचारते.

दुसरी कसोटी स्थळाची. हिची परीक्षा आम्हां कराडकरांस घरबसल्या होते. कराडचें जुनें नांव करहाटक. सहदेवाच्या दिग्विजयांत महाभारत तें सांगतें. भारहुतच्या स्तूपावर या नगरानें दिलेल्या दानाचा लेख आहे. कऱ्हाडे ब्राह्मणांस नांव मिळालें तें या स्थळावरून. परंतु त्या ज्ञातीचीं कितीतरी कुटुंबें शतकानुशतकें राजापूर-रत्नागिरीकडे नांदत आलीं. त्यांतील पुष्कळांनीं कराड कधीं डोळ्यांनीं पाहिलेंहि नसेल. तरी ते कऱ्हाडेच; आणि पिढ्यान्‌पिढ्या कराडांत राहणारे बहुतेक लोक कऱ्हाडे नव्हेत. तेव्हां स्थळ नांव देतें, पण लोक घडवीत नाहीं.

तिसरी कसोटी ग्रंथ आणि भाषा यांची. हिचें वजन मोठें आहे, यांत संशय नाहीं. परंतु ही लिहिणाऱ्या वर्गाची कसोटी आहे. ज्यांच्याजवळ लेखक होते, मठ होते, दफ्तरें होतीं, ते या परीक्षेंत उतरतात. तेल गाळून पोट भरणारा उतरत नाहीं. पोथी नसणें हें विस्मृतीचें लक्षण असूं शकतें, तसें दारिद्र्याचेंहि असूं शकतें. दोहोंस एकच शिक्षा देणें न्यायाचें नाहीं.

तर मग तेंपण कशांत आहे? आमच्या गांवाजवळच्या आगाशिवाच्या डोंगरांत बौद्धांचीं लेणीं आहेत. ज्यांनीं तीं कोरलीं त्यांच्या परंपरेंत मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षु यांचा संवाद प्रसिद्ध आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरींची ज्योत आणि शेवटच्या प्रहरींची ज्योत एकच काय, असा त्यांतील प्रश्न. एकच नव्हे आणि वेगळीहि नव्हे, एकीच्या आधारानें दुसरी उत्पन्न होत गेली, असा नागसेनाच्या उत्तराचा आशय. हा दृष्टांत आम्हांस मान्य आहे. पण समाजाला लावतांना त्यांत एक भर घालावी लागते. दिवा आपोआप जळत राहत नाहीं. कोणीतरी उठून तेल घालतो म्हणून तो जळतो. समाजाचें सातत्य हें निसर्गाचें काम नव्हे. तें प्रत्येक पिढीचें कर्म आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्याचें त्या दिवशींचें उत्पन्न बुडत होतें. तें का बुडवावें याचा शास्त्रार्थ त्यास येत नव्हता. आज्ञा ज्या ग्रंथांत होती तो ग्रंथ त्यानें पाहिलाहि नव्हता. तरी बाप बैल सोडी म्हणून मुलगा सोडी. ज्या नेमासाठीं कांहीं गमवावें लागतें आणि तरी जो पाळला जातो, त्या नेमांत लोक ‘तेच’ राहतात, असें आमचें मत आहे. याच कारणानें निनेव्हेच्या मैदानांतील खाल्डियनहि आम्ही खरे खाल्डियन मानतों. नेबुखद्‌नेझरचे वंशज म्हणून नव्हे, तर त्या नांवाखालीं जें पाळलें त्याची किंमत देत आलेले म्हणून.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड वाटण्यासारखा आहे. झीज सोसून पाळलेला नेम हीच जर समाजाची ओळख, तर ज्या रूढींनीं माणसास माणसापासून तोडलें त्याहि अशाच कडकपणें पाळलेल्या होत्या. त्यांसहि तुम्ही मान देणार काय? खुद्द बेने इस्राएलांतच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन तट होते, आणि गोरे काळ्यांशीं बेटीव्यवहार करीत नसत. तोहि नेमच होता. पुढें बगदादहून, म्हणजे प्राचीन बाबिलोनच्याच मुलुखांतून, श्रीमंत यहुदी मुंबईस व पुण्यास आले. पुण्यांतील ससून रुग्णालय व लाल देऊळ हीं त्यांच्या औदार्याचीं स्मारकें आहेत. परंतु धर्मबंधु म्हणून ज्यांस जवळ करावयाचें, त्या कोंकणी यहुद्यांपासून हे पुष्कळ काळ अंतर राखून राहिले. दफनभूमीहि वेगळी असावी असा त्यांचा आग्रह होता. हाहि त्यांचा नेमच!

या आक्षेपाचें उत्तर त्या दोन प्रकारच्या नेमांकडे नीट पाहिलें म्हणजे सांपडतें. शनिवारीं घाणा बंद ठेवण्याची झीज कोणास लागे? पाळणाऱ्यास. गोऱ्यानें काळ्याकडे न जेवण्याची झीज कोणास लागे? ज्याच्याकडे जेवावयाचें नाहीं त्यास. एक नेम आपण आपणांवर घालून घेतों. दुसरा आपण दुसऱ्यावर लादतों. पहिल्यानें माणूस स्वतःस घडवितो. दुसऱ्यानें तो फक्त दुसऱ्यास लहान करून त्या मानानें आपण मोठे झाल्याचें समाधान मिळवितो. दोन्ही सारख्याच निष्ठेनें पाळलेले दिसले तरी त्यांचें नैतिक मोल एक नव्हे. कोणत्याहि समाजानें आपल्या रूढींची यादी करून प्रत्येकीपुढें ‘हिची किंमत कोण देतो?’ एवढा एकच प्रश्न लिहावा. टाकावयाचें कोणतें आणि राखावयाचें कोणतें याचा निवाडा पुष्कळसा आपोआप होईल.

राहिला प्रश्न अधिकाराचा. १९४८ सालीं इस्राएलचें राज्य स्थापन झाल्यावर बेने इस्राएलांपैकीं बरेच लोक तेथें गेले. दोन हजार वर्षांचा वनवास संपला, अशी त्यांची भावना होती. परंतु १९६२ सालीं तेथील धर्मपीठानें असा निर्णय काढला, कीं या लोकांपैकीं कोणाचा इतर यहुद्यांशीं विवाह लावावयाचा असल्यास आधीं त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी. धर्मपीठाची बाजूहि सांगितली पाहिजे. इतकीं शतकें धर्मशास्त्रावांचून राहिलेल्या लोकांत घटस्फोट व पुनर्विवाह शास्त्रोक्त झाले असतील काय, आणि न झाले असल्यास संततीचा दर्जा काय, अशी त्यांची शंका होती. ती केवळ द्वेषानें काढलेली नव्हती. त्या वेळचे एक मुख्य धर्मगुरु यित्झाक निस्सीम हे स्वतः बगदादेंत जन्मलेले होते.

परंतु ज्या तरुणाचें लग्न ठरलें आहे, त्यास ‘तुझ्या आजीच्या आजीचें लग्न कोणत्या विधीनें झालें तें सांग’ असें विचारणें याचा अर्थ काय होतो? हा पुरावा तो देऊंच शकत नाहीं. आणि तो देऊं शकत नाहीं हें विचारणाऱ्यास ठाऊक असतें. शिवाय असाच प्रश्न इतर सर्वांस विचारला जात नाहीं. जी परीक्षा सर्वांस सारखी लागूं नाहीं ती परीक्षा नव्हे, तो अपमान आहे. मग परीक्षकाचा हेतु कितीहि शुद्ध असो. या लोकांनीं तेथें निदर्शनें केलीं, सत्याग्रह केले. अखेर १९६४ च्या ऑगस्टांत पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनें आणि तेथील लोकसभेनें ‘बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत’ असें जाहीर केलें, आणि धर्मपीठासहि निर्णयांतून त्यांचें नांव काढावें लागलें. सत्याग्रहाची विद्या त्यांनीं कोणत्या देशांत पाहिली होती हें वाचकांस सांगावयास नको.

यावरून आम्ही असा सिद्धान्त काढतों: एखादा समाज आपण अमुक आहों असें म्हणत असेल, त्या म्हणण्यासाठीं स्वतः झीज सोसत आला असेल, आणि त्यायोगें दुसऱ्या कोणाचें कांहीं हिरावून घेत नसेल, तर त्याचें म्हणणें खरें मानावें; खोटें ठरविण्याचा भार शंका घेणाऱ्यावर असावा. न्यायाच्या कचेरींत आरोपीस निर्दोष धरून चालतात. समाजाच्या कचेरींत मनुष्यास खोटा धरून चालण्याचें कारण नाहीं.

आणि साक्ष पाहिजेच असेल तर ती कोणाची घ्यावी? आम्हांस वाटतें, शेजाऱ्यांची. अलिबागेकडील गांवकऱ्यांस मोशेच्या दहा आज्ञा ठाऊक नव्हत्या. यहुदी धर्माशीं त्यांस कर्तव्य नव्हतें. त्यांनीं फक्त पाहिलें, कीं हे तेली शनिवारीं काम करीत नाहींत, आणि तें पाहिलेलें नांवांत नोंदवून ठेविलें. ज्याचा खटल्यांत कांहीं स्वार्थ नाहीं असा साक्षीदार याहून चांगला कोठें मिळणार?

परंतु शेजारी म्हणून आपलें कौतुक येथेंच थांबविलें पाहिजे. महाराष्ट्रांत या लोकांचा छळ झाला नाहीं, ही गोष्ट खरी आहे आणि ती आपणांस भूषणावह आहे. तरी ‘शनिवार तेली’ या नांवाचे दोन भाग आहेत. ‘शनिवार’ या भागांत आपण त्यांचें वेगळेपण पाहिलें. ‘तेली’ या भागांत त्यांस आपल्या जातींच्या उतरंडींत एक ठराविक जागा देऊन विषय मिटविला. ते शनिवारीं घाणा कां थांबवितात, हें विचारावयास कोंकणांतले कितीसे विद्वान् त्यांच्या ओटीवर गेले? न छळणें हा शेजारधर्माचा आरंभ आहे. तो संपूर्ण शेजारधर्म नव्हे. आपल्या सहिष्णुतेंत आदराचा भाग किती आणि बेफिकिरीचा भाग किती, हें प्रत्येकानें आपल्याशीं तपासून पाहण्यासारखें आहे.

२०११ च्या खानेसुमारींत सर्व भारतांत मिळून यहुदी लोक साडेचार हजारांच्या थोडे वरच भरले. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं त्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तो योग्यच आहे. परंतु ज्यांस द्यावयाचा त्यांपैकीं बहुतेक तेव्हां समुद्रापार गेलेले होते. तेथें त्यांनीं ‘मायबोली’ या नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें; एलीया प्रेषिताच्या नांवानें गोड पोह्यांचा मलिदा वांटण्याची कोंकणांतली चाल तेथेंहि चालू ठेविली. कोंकणांत असतां ते इस्राएलाचे म्हणून वेगळे राहिले. इस्राएलांत गेल्यावर ते मराठी म्हणून ओळखूं येतात. कोणी यास विसंगति म्हणेल. आम्हांस ती एकच वृत्ति दिसते: जेथें जावें तेथें मागचें सर्वस्वीं टाकून न देणें.

आणि हा प्रश्न आतां केवळ त्यांचा राहिलेला नाहीं. सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांतून एखादा तरी मुलगा किंवा मुलगी परदेशीं नाहीं असें घर विरळा. त्यांचीं मुलें मराठी बोलतील काय, नांवें कशीं ठेवतील, लग्नें कोणाशीं करतील, या चिंतेनें घरोघरचे वडील व्याकुळ असतात. रक्त, नांव आणि भाषा तिन्ही राखावीं असा त्यांचा आग्रह असतो. भाषा राहिली तर आम्हांसहि आनंदच आहे. परंतु कोंकणच्या तेल्याचा इतिहास सांगतो, कीं भाषा आणि ग्रंथ गमावूनहि एक लहानसा, झिजावें लागणारा, कोणास न दुखविणारा नेम पिढ्यान्‌पिढ्यांस पुरतो. आणि खाल्डियनांचा इतिहास सांगतो, कीं एकट्या नांवाच्या अंगीं स्वतःचें असें बळ कांहींच नसतें, त्यांत कोणीतरी आपलें जिणें ओतावें लागतें. तेव्हां मुलांनीं काय राखावें याची यादी त्यांच्या हातीं देण्यापूर्वीं वडिलांनीं एक हिशोब करावा: आपण स्वतः असा कोणता नेम पाळतों, कीं जो पाळतांना आपलें कांहीं बुडतें आणि दुसऱ्याचें कांहीं बुडत नाहीं? असा एकहि नेम घरांत नसेल, तर मुलांनीं काय सोडलें याची तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं धरून ठेवावें असें आपणच त्यांच्या हातीं कांहीं दिलेलें नसतें.